पांढरपेशी गुन्हेगारी : हिशेबातला खड्डा शेवटी कुणाच्या अंगणात निघतो?

मुक्ता :

घरफोडी झाली की तुटलेलं कुलूप दिसतं, चोर कोण आणि फटका कुणाला बसला हे लगेच कळतं. अफरातफर, फुगवलेला नफा, बनावट गुंतवणूक योजना यांत तसं काहीच दिसत नाही. कागद जागच्या जागी असतात, सह्या असतात, ऑडिटरचा शेराही चांगला असतो, आणि एक दिवस अचानक सगळं कोसळतं.

कॉलेजच्या मुलांसाठी पांढरपेशी गुन्हेगारी या विषयावर दोन तासांची मांडणी तयार करते आहे. ‘माणसाचा लोभ’ हे उत्तर त्यांना पुरणार नाही, आणि ते मला पटतही नाही. नोंदी नेमक्या कशा फिरवतात, ते वर्षानुवर्षं का सापडत नाही, सापडल्यावर भरपाई कोण करतं, आणि पैशांपलीकडे समाजावर काय परिणाम होतो, एवढं मुलांना समजावं असं वाटतं. शिवाय व्याख्येपाशीच अडते आहे. रोखपालाने गल्ल्यातून काढलेले पैसे आणि संचालकांनी खोटा दाखवलेला नफा एकाच सदरात घालायचे का?

शोधक :

आधी व्याख्या. एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली समाजशास्त्रज्ञांच्या अधिवेशनातल्या अध्यक्षीय भाषणात ‘व्हाइट-कॉलर क्राइम’, म्हणजे पांढरपेशी गुन्हेगारी, ही संज्ञा वापरली. प्रतिष्ठित, वरच्या थरातल्या माणसाने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा त्याचा अर्थ होता. त्या काळी गुन्ह्याची कारणं गरिबीत आणि विस्कटलेल्या घरांत शोधायची पद्धत होती. सदरलँडचा मुद्दा असा की गरिबी हेच कारण असेल, तर सुखवस्तू माणसं हेच का करतात याचं उत्तर मिळत नाही. १९४९ च्या त्याच्या पुस्तकात ७० मोठ्या अमेरिकी कंपन्यांविरुद्ध गेलेले ९८० निर्णय मोजलेले आहेत. त्यांतले फौजदारी न्यायालयांचे साधारण सहातला एक, बाकीचे दिवाणी न्यायालयांचे किंवा नियामक मंडळांचे. म्हणजे कृत्य बेकायदा ठरलं, तरी करणारा ‘गुन्हेगार’ ठरला नाही. बदनामीच्या खटल्यांच्या धास्तीने प्रकाशकाने त्या पुस्तकातून कंपन्यांची नावं काढायला लावली होती. नावांसकट आवृत्ती यायला १९८३ साल उजाडलं. मुलांना हे जरूर सांगा, विषयाचा अर्धा गाभा त्यात आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दोन्ही याच सदरातले, पण दोन वेगळ्या कप्प्यांतले. रोखपाल संस्थेच्या *विरुद्ध* गुन्हा करतो, तिथे संस्था फसवली जाते. नफा फुगवणारे संचालक संस्थेच्या *नावाने* करतात, तिथे बाहेरचे लोक फसतात आणि संस्था काही काळ फायद्यात असते. तिसरा कप्पा म्हणजे ज्यात संस्थाच मुळी फसवणुकीसाठी उभी केली जाते, उदाहरणार्थ पॉन्झी योजना : धंदा काहीच नाही, नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्यांना परतावा द्यायचा. हे तीन वेगळे ठेवा, कारण तिघांत पुरावा वेगळ्या जागी सापडतो.

मराठीत ‘पांढरपेशा’ म्हटलं की नोकरदार मध्यमवर्ग डोळ्यांपुढे येतो, त्याने थोडा घोळ होतो. कपडे, पगार, शिक्षण बाजूला ठेवून एवढंच पाहावं : या माणसावर विश्वास टाकून कुणी त्याच्या हाती पैसा, सही किंवा माहिती दिली होती का? चोराला कुलूप तोडावं लागतं, याच्याकडे किल्ली दिलेली असते.

ताळेबंद :

नोंदी कशा फिरवतात ते सांगतो. एक छोटा प्रकार आणि एक मोठा. दोन्हींत तत्त्व एकच आहे : खड्डा बुजत नाही, सरकत राहतो.

छोटा प्रकार म्हणजे वसुलीतली याची टोपी त्याला. एकाच माणसाकडे पैसे घेणं आणि ग्राहकांची खाती लिहिणं, दोन्ही कामं आहेत असं धरा. सोमवारी ‘अ’ने १०,००० दिले, ते त्याने खिशात घातले. अ चं येणं वहीत तसंच राहिलं, आता अ ओरडणार. बुधवारी ‘ब’कडून १२,००० आले. त्यातले १०,००० अ च्या नावावर जमा केले, उरलेले २,००० ब च्या. शुक्रवारी ‘क’चे १५,००० आले, त्यातले १०,००० ब ला, ५,००० क ला. खड्डा १०,००० चाच आहे, फक्त अ कडून क कडे आला.

हे का सापडत नाही? कारण बेरीज जुळते. बुधवारी बँकेत १२,००० भरले, खात्यांत १२,००० जमा झाले. दिवसाची एकूण रक्कम ताडून पाहणारा तपासनीस समाधानाने पुढे जातो. हे पकडायचं असेल तर बेरीज सोडून नाव बघावं लागतं. बँकेतल्या भरण्याचा तपशील काढा, कोणत्या ग्राहकाकडून कोणत्या तारखेला किती आले ते पाहा, आणि ते त्याच ग्राहकाच्या खात्यातल्या जमेशी लावा. एकाच धनादेशाची रक्कम दोन खात्यांत फुटलेली दिसली, किंवा पैसे आल्यावर पाच-सात दिवसांनी जमा दिसली, की तिथे थांबा. ग्राहकांना दरमहा जाणारं खातेपत्रक रोखपालाने पाठवू नये, दुसऱ्या कुणी पाठवावं.

असा माणूस रजा घेत नाही हेही एक ठळक लक्षण. दोन दिवस जागेवर नसला की टोपी फिरवायला कुणी नाही. म्हणूनच बऱ्याच बँकांत वर्षातून सलग दोन आठवड्यांची सक्तीची रजा असते आणि त्या काळात त्याचं काम दुसरा माणूस करतो. रजा दिली पण काम साठवून ठेवलं, तर त्या नियमाचा काही उपयोग नाही. हे सर्रास होतं.

आता मोठा प्रकार. कंपनीने खोटी विक्री दाखवली. जमाखर्चाच्या द्विनोंदी पद्धतीत खोट्या नफ्यालाही ताळेबंदात कुठेतरी बसायला जागा लागते. पहिली जागा म्हणजे येणी, ग्राहकांकडून यायचे बाकी असलेले पैसे. विक्री २० टक्क्यांनी वाढली आणि येणी ६० टक्क्यांनी, तर पूर्वी ६० दिवसांत वसूल होणारे पैसे आता ८० दिवसांवर गेले. येणी भागिले विक्री, गुणिले ३६५, एवढंच गणित. दोन-तीन वर्षं आकडा असाच चढला की ऑडिटर विचारतो, वसुली का होत नाही? मग ती ‘झाली’ असं दाखवावं लागतं. वसुली झाली म्हणजे पैसे बँकेत हवेत. इथे खोट्या येण्यांची खोटी शिल्लक होते.

दुसरी जागा मालमत्तेत. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने हेच केलं. इतर दूरसंचार कंपन्यांच्या लाइन वापरण्याचं भाडं हा रोजचा खर्च. तो भांडवली मालमत्ता म्हणून लिहिला. भाडं १०० असेल तर खर्च म्हणून नफ्यातून १०० जायला हवेत. दहा वर्षांची मालमत्ता दाखवली की यंदा फक्त १० जातात. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर झाला, पुढे तो ११ अब्जांच्या घरात गेला. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाने ज्या नोंदींवर बोट ठेवलं, त्यांना आधार देणारा कागदच नव्हता.

इथे अनुभवी माणसंही फसतात. ‘नफा खोटा असला तरी रोख प्रवाह खोटं बोलत नाही’ असं सगळे म्हणतात. पण खर्च मालमत्तेत टाकला की तो पैसा कामकाजाच्या प्रवाहातून गुंतवणुकीच्या प्रवाहात जाऊन बसतो. कामकाजाचा प्रवाहही छान दिसतो. म्हणून कामकाजाच्या प्रवाहातून भांडवली खर्च वजा करून उरतं ते बघा, एकटा वरचा आकडा नको.

मुक्ता :

‘खोटी शिल्लक’ इथे अडले. येणी खोटी असू शकतात हे समजलं. पण बँकेतली शिल्लक? बँकेला एक फोन केला की उघड होईल ना?

ताळेबंद :

मुक्ता, बरोबर जागी बोट ठेवलंत. आणि तरीही वेगवेगळ्या देशांत हे तीनदा घडलं.

इटलीतल्या पार्मालात या दूध व खाद्यपदार्थ कंपनीच्या केमन बेटांवरच्या उपकंपनीच्या नावावर ३.९५ अब्ज युरो असल्याचं बँकेचं पत्र होतं. डिसेंबर २००३ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने सांगितलं, असं खातंच नाही, पत्र बनावट आहे. आपल्याकडच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलं, की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. शिवाय ३७६ कोटींचं व्याजही काल्पनिक होतं. शिल्लक खोटी दाखवली की तिच्यावरचं व्याजही दाखवावंच लागतं. जर्मनीतल्या वायरकार्ड या ऑनलाइन पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचे कागद होते. जून २०२० मध्ये दोन्ही बँकांनी ही कंपनी आपली ग्राहकच नाही असं सांगितलं आणि आठवड्याभरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

शिल्लक पडताळायची रीत अशी असते. ऑडिटर शिल्लक विचारणारं पत्र तयार करतो, त्यावर कंपनीची संमतीची सही घेतो, आणि ते *स्वतः* बँकेला पाठवतो. बँकेचा पत्ता त्याने स्वतंत्रपणे शोधलेला असतो, कंपनीने दिलेला नाही. उत्तर बँकेकडून थेट ऑडिटरच्या कार्यालयात येतं. गफलत होते ती या वाटेवर. घाई असते, कंपनीचा वित्त विभाग म्हणतो, ‘आम्ही पाठवतो, आमची रोजची ओळख आहे.’ पत्र कंपनीमार्फत जातं, उत्तर कंपनीमार्फत येतं. सत्यमच्या ऑडिटरवर अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये ठेवलेला ठपका नेमका हाच होता, की या पत्रव्यवहारावर त्यांचा ताबा नव्हता. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पुरावा घेतला, तर तो पुरावा राहत नाही.

बाहेरून पाहणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारता येतात. एवढी रोख पडून आहे, तर कंपनी कर्ज का काढते? आणि मिळालेलं व्याज भागिले वर्षाची सरासरी शिल्लक, हा दर बाजारातल्या ठेवींच्या दराच्या आसपास आहे का? फार कमी आला तर शिल्लक वर्षभर नसते, फक्त वर्षअखेरच्या दिवशी असते.

समष्टी :

समाजावरच्या परिणामाबद्दल लिहिते. ताळेबंद यांनी सांगितलेला खड्डा वहीत सरकतो, तसाच वहीबाहेरही सरकतो. कंपनी बुडाल्यावर तो नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी पदरात पडतो. आणि ज्यांच्या पदरात पडतो त्यांनी बहुतेक वेळा त्या कंपनीचं नावही ऐकलेलं नसतं. त्यांची पेन्शन ज्या फंडात आहे त्या फंडाने ते शेअर घेतलेले असतात.

एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये बुडाली. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांत मोठा हिस्सा एन्रॉनच्याच शेअरचा होता. म्हणजे पगार आणि म्हातारपणाची पुंजी एकाच दिवशी गेली. त्यांची ऑडिटर संस्था आर्थर अँडरसन जगभर सुमारे ८५,००० लोकांना रोजगार देत होती. त्यांतल्या बहुतेकांचा एन्रॉनच्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. कागदपत्रं नष्ट केल्याच्या खटल्यातली त्या संस्थेची शिक्षा २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तोवर संस्था उरलीच नव्हती.

‘रक्त सांडत नाही’ हा समज तर पहिल्याच तासाला मोडून काढा. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात पाणी घालून प्रथिनांचं प्रमाण जास्त दिसावं म्हणून मेलामाइन मिसळलं गेलं. चाचणी नायट्रोजन मोजून प्रथिनं ठरवत होती आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. आकड्याची फसवणूक, पण सुमारे ३ लाख बालकं आजारी पडली, सहा दगावली. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशनने साल्मोनेला जंतूंच्या चाचणीचे दाखले खोटे दिले. २००८-०९ च्या त्या साथीत नऊ जण गेले. कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. या शिक्षेकडे लोक अपवाद म्हणून बघतात, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे.

अल्बानियाचं उदाहरण सर्वांत मोठं. साम्यवादी राजवट संपल्यावर तिथे बँका कच्च्या होत्या, लोकांना बाजाराची सवय नव्हती, आणि पुढारी पिरॅमिड योजनांच्या, म्हणजे पॉन्झीसारख्याच योजनांच्या, व्यासपीठांवर दिसत होते. १९९६ पर्यंत या योजनांची कागदोपत्री देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास निम्म्यावर गेली. लोकांनी घरं, गुरं विकून पैसे घातले. १९९७ च्या सुरुवातीला योजना कोसळल्या, शस्त्रागारं लुटली गेली, सरकार गेलं, सुमारे २,००० माणसं मेली.

अशा योजनेचं गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या. चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बोस्टनला ४५ दिवसांत ५० टक्के द्यायचं कबूल केलं होतं. पैसे न काढता पुन्हा गुंतवत राहिलं तर वर्षात साधारण आठ फेऱ्या होतात. १०० चे १५०, मग २२५, असं करत आठव्या फेरीला २,५६३. कुठला धंदा वर्षात पंचवीसपट देतो? तो टपालाच्या आंतरराष्ट्रीय कुपनांतून नफा होतो असं सांगायचा. जमवलेल्या पैशांना पुरतील एवढी कुपनं जगात वापरातच नव्हती. ही तपासणी कुणालाही करता आली असती, पण पहिल्या लोकांना पैसे मिळाले होते आणि मिळालेले पैसे हा लोकांना सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफने अशाच योजनेत हा आकडा खाली आणला, महिन्याला सुमारे एक टक्का, पण जवळजवळ कधीच न चुकणारा. डिसेंबर २००८ मध्ये ग्राहकांच्या खातेपत्रकांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर होते, प्रत्यक्षात घातलेलं मुद्दल त्याहून कितीतरी कमी. नंतर वसुलीसाठी नेमलेल्या विश्वस्ताने घातल्यापेक्षा जास्त काढलेल्या लोकांकडून पैसे परत मागितले, कारण ते दुसऱ्या ठेवीदारांचे होते. प्रामाणिक माणसाविरुद्ध प्रामाणिक माणूस कोर्टात उभा राहिला. तुम्हाला हवा असलेला पैशांपलीकडचा परिणाम हाच.

आणि इशारा देणाऱ्याचं काय होतं तेही सांगा. वायरकार्डबद्दल वृत्तपत्रात छापून आल्यावर जर्मन नियामकाने २०१९ मध्ये त्या शेअरच्या मंदीच्या (भाव पडेल असं धरून केलेल्या) सौद्यांवर दोन महिने बंदी घातली आणि पत्रकारांविरुद्धच तक्रार केली. पुढच्या वर्षी कंपनी बुडाली.

शोधक :

समष्टी यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात, उघड झालेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के कुणीतरी दिलेल्या खबरीवरून सापडली. बाहेरच्या ऑडिटमधून सापडलेली ३ टक्के. खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आतलेच कर्मचारी. म्हणून तक्रारीची वाट वरिष्ठाच्या टेबलावरून जाऊ नये, कारण तक्रार अनेकदा त्याच्याचबद्दल असते.

नोंदवही :

एक गोष्ट या चर्चेत यायलाच हवी. तूट दिसली म्हणजे चोरी झाली असं नाही. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या होरायझन या संगणक प्रणालीत दिसलेल्या तुटीवरून १९९९ ते २०१५ दरम्यान ९०० हून अधिक उपटपाल चालकांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, अनेकांनी घर विकून तूट भरून दिली. प्रणालीतच दोष होते हे २०१९ मध्ये न्यायालयात सिद्ध झालं, आणि २०२४ मध्ये सरसकट कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. प्रत्येकाला ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ असं सांगितलं जात होतं. त्या काळात चोर पकडल्याच्या समाधानात एका मोठ्या संस्थेने निरपराध माणसं चिरडली. वरच्या सगळ्या लक्षणांना ‘संशय’ म्हणा, ‘पुरावा’ म्हणू नका.

रकमांच्या पहिल्या अंकावरून बनावट नोंदी हुडकायला वापरतात त्या बेनफर्डच्या नियमाचंही तेच. खऱ्या व्यवहारांच्या मोठ्या यादीत १ ने सुरू होणाऱ्या रकमा सुमारे ३० टक्के आणि ९ ने सुरू होणाऱ्या ४.६ टक्के असतात. पण ठरलेली फी, ठरलेला पगार, किंवा एका मर्यादेत बसणाऱ्या रकमा असतील तर नियम लागूच होत नाही. लोक तो कुठेही लावतात आणि नसलेला चोर शोधतात.

मुक्ता :

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मग एखाद्या लहान संस्थेत संशय आलाच, तर पहिलं पाऊल काय? मुलं हेच विचारणार.

ताळेबंद :

पहिलं पाऊल म्हणजे त्या माणसाला केबिनमध्ये बोलावून जाब न विचारणं. दोष असेल तर त्या रात्री कागद जातात, नसेल तर त्याचं नाव जातं.

आधी बँकेची खातेपत्रकं बँकेकडूनच थेट मागवा, त्याच्या फायलीतली नकोत. मग पुरवठादारांची यादी आणि कर्मचाऱ्यांची यादी शेजारी ठेवा : बँक खाते क्रमांक, पत्ता, फोन यांतलं काही जुळतं का. एखाद्या पुरवठादाराची बिलं ०४१, ०४२, ०४३ अशी ओळीने येत असतील, तर त्याला बहुधा तुमच्याखेरीज दुसरा ग्राहक नाही. मंजुरीची मर्यादा ५०,००० असेल आणि बिलं ४९,५००, ४८,९०० अशी येत असतील, तर एकच काम तुकडे करून दाखवलंय का ते बघा. प्रत्येक ठिकाणी साधं, निर्दोष कारण काय असू शकतं तेही शेजारी लिहा आणि तेही तपासा. लहान पुरवठादाराला एकच ग्राहक असणं यात मुळात काही गैर नाही.

संगणकाला हात लावू नका. ‘जरा उघडून बघतो’ म्हटलं की फायली उघडल्याच्या तारखा बदलतात आणि पुढे कोर्टात समोरचा वकील म्हणतो, फेरफार तुम्हीच केला. जाणकाराकडून डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्या, तिचा हॅश आकडा (मजकूर जराही बदलला की बदलणारा ओळख-आकडा) लिहून ठेवा आणि तपास प्रतीवर करा. मूळ डिस्क लिफाफ्यात बंद करून तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची प्रत्येक वेळी नोंद. ईमेल आपोआप पुसण्याची सोय त्याच दिवशी बंद करा, सीसीटीव्हीचं चित्रण वेगळं काढून ठेवा, कारण ते काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं.

नुकसानीचा आकडा तीन रकान्यांत मांडा : कागदाने सिद्ध झालेला, संशयित, आणि अजून न तपासलेला. तक्रारीत फक्त पहिला रकाना घाला. तिन्हींची बेरीज करून मोठा आकडा लिहिला आणि त्यातली एक नोंद चुकीची निघाली, तर उरलेल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.